नाममुद्रा आणि स्वामित्वहक्क : गिरणगावातील शाहिरीच्या निमित्ताने

१

नायगाव, वरळी, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळी ही १९२० च्या दशकातील वसाहती शासनाची निर्मिती. त्यांच्या २०७ इमारतींपैकी ४२ एकट्या नायगावच्या. पुनर्विकासाच्या ओघात या चाळींच्या जमिनीचा, खोल्यांचा आणि भाडेकरूंच्या हक्कांचा हिशेब पुष्कळ झाला. परंतु त्यांच्या पटांगणांत, व्हरांड्यांत आणि व्यायामशाळांत जे वाङ्मय घडले त्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न क्वचितच विचारला गेला. पोवाडा, आंबेडकरी जलसा, कोकणी गिरणी-कामगारांचा शक्तितुरा, भजनी मंडळांची पदे, कामगार रंगभूमीच्या संहिता यांची समीक्षा आपण ‘लोकपरंपरा’ अथवा ‘प्रबोधन’ या सदरांखाली करतो. त्यांच्या मालकीचा विचार वकिलांवर सोपवून मोकळे होतो.

‘बौद्धिक संपदा’ हा शब्द व्यापारी व्यवहारातून आलेला असल्यामुळे वाङ्मयाच्या अभ्यासकाला तो परका वाटणे स्वाभाविक आहे. तथापि कर्तृत्व म्हणजे काय, हा मूलतः वाङ्मयीन प्रश्न आहे आणि कायद्याने त्याला दिलेल्या उत्तराचे परिणाम वाङ्मयनिर्मात्याला आयुष्यभर भोगावे लागतात. कर्त्याचे नाव आणि त्याच्या कृतीचे मोल यांची फारकत आपल्याकडे कशी होत गेली, हे गिरणगावाच्या संदर्भात पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

२

स्वामित्वहक्काची कल्पना पाश्चात्त्य, म्हणून आपल्याकडे कर्तृत्वाची जाणीवच नव्हती, हा समज तपासून घ्यावयास हवा. संतांचे अभंग आणि शाहिरांच्या लावण्या-पोवाडे यांच्या अखेरीस येणारी नाममुद्रा ही त्या जाणिवेचीच खूण होय. रचना कोणीही गावी, कोठेही गावी; परंतु मुद्रा गाळू नये, असा हा संकेत होता. त्यात मज्जाव नव्हता, ऋणनिर्देश होता.

उत्तर पेशवाईतील होनाजी-बाळा ही मुद्रा या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. होनाजी शिलारखाने हा कवी आणि बाळा करंजकर हा त्याचा गायक साथीदार. रचणारा आणि गाणारा अशी दोन माणसे एकाच मुद्रेत सामावली आहेत. शब्द आणि त्याचे सादरीकरण यांना समान प्रतिष्ठा देणारी ही व्यवस्था होती. भारतीय कायद्याला सादरकर्त्याचा स्वतंत्र हक्क मान्य करावयास १९९४ ची दुरुस्ती यावी लागली, हे येथे ध्यानात ठेवावे.

मात्र या व्यवस्थेचे उदात्तीकरणही करू नये. मुद्रेने नाव राखले, पोट राखले नाही. ते आश्रयदात्याच्या मर्जीवर अवलंबून राहिले. शिवाय मुद्रा सर्वांना लाभली नाही. जात्यावरच्या ओव्या रचणाऱ्या असंख्य स्त्रियांनी आपले नाव त्यात गोवले नाही, आणि म्हणूनच त्या ओव्या आपण निःशंकपणे ‘लोकांच्या’ म्हणतो.

३

मुद्रेकडून मालकीकडे झालेला प्रवास मुद्रणाबरोबर घडला. कंपनी सरकारचा स्वामित्वहक्काचा कायदा १८४७ चा. त्यापाठोपाठ १८६७ चा २५ वा अ‍ॅक्ट आला. एकोणिसाव्या शतकातील मराठी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर आढळणारा सर्व हक्क राखून ठेविल्याचा निर्देश याच अ‍ॅक्टाच्या आधारे केलेला असे. दोन रुपये भरले की या अ‍ॅक्टाखालील नोंद ही १८४७ च्या कायद्याखालील नोंद मानली जाई. परंतु हाच अ‍ॅक्ट मुद्रक-प्रकाशकांची नावे छापणे बंधनकारक करीत होता आणि प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल करवीत होता. एकाच नोंदवहीत मालकीचे संरक्षण होते आणि राज्यकर्त्यांची पाळतही होती. लेखनाला कर्ता चिकटवला जातो तो प्रथम त्याला शिक्षा करता यावी म्हणून, या मिशेल फूको यांच्या प्रतिपादनाला आपल्या वसाहतकालीन इतिहासातून मिळणारा हा पुरावा आहे.

पुढे १९१४ चा कायदा ब्रिटिश कायद्याच्या धर्तीवर झाला, आणि स्वतंत्र भारताचा १९५७ चा कायदा २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. या सर्व कायद्यांत हक्काचा जन्म रचना लेखणीबद्ध वा मुद्रित होण्याशी जोडलेला राहिला. जलशात ऐन वेळी सुचलेले कवन, सवाल-जवाबात जागच्या जागी दिलेले उत्तर यांना त्यात ठाव नव्हता.

४

या फारकतीचे सर्वांत बोलके उदाहरण नायगावलगतच्या परळमध्येच सापडते. व्ही. शांताराम यांनी १९४२ मध्ये परळला ‘राजकमल कलामंदिर’ स्थापन केले. त्या संस्थेचा ‘अमर भूपाळी’ हा चित्रपट १९५१ मध्ये आला. त्याचा नायक होनाजी आणि त्याच्या केंद्रस्थानी होनाजीची भूपाळी. भूपाळी सर्वांची होती, म्हणून ती घेण्यास कोणाची अनुमती लागत नव्हती. पण तिला वसंत देसाई यांचा स्वरसाज चढला, ती ध्वनिमुद्रित झाली, आणि त्या ध्वनिमुद्रणाला मालक लाभला. यात कोणावर अन्याय झाला असे नव्हे. परंपरेतून घेऊन नवे घडविणे हा कलेचा धर्मच आहे. प्रश्न इतकाच की, सामाईक ठेव्यातून मालमत्ता घडते तेव्हा ती कोणाच्या हाती जाते?

१९५७ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने याचे उत्तर निर्मात्याच्या बाजूने दिले. मोबदला घेऊन चित्रपटासाठी केलेल्या गीत-संगीतावर, उलट करार नसल्यास, पहिला हक्क निर्मात्याचा, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीच्या दाव्यात दिला. त्याच निकालाला जोडलेल्या टिपणात न्या. कृष्ण अय्यर यांनी गायकाला कायद्यात स्थानच नसल्याकडे लक्ष वेधले. गीतकार-संगीतकारांना चित्रपटाबाहेरील वापराच्या मानधनातील वाटा सोडून देता येऊ नये, अशी तरतूद होण्यास २०१२ उजाडावे लागले.

या दरम्यान गिरणगावाचे शाहीर निघून गेले होते. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंच्या ‘वैजयंता’वर १९६१ मध्ये आणि ‘फकिरा’वर १९६३ मध्ये चित्रपट निघाले, ‘फकिरा’ला १९६१ मध्ये राज्य पुरस्कार लाभला. तरीही त्यांच्या अखेरच्या दिवसांतील दारिद्र्य सर्वज्ञात आहे. येथे कोणा एका निर्मात्याची वा प्रकाशकाची नियत हा मुद्दा नाही. एकरकमी मोबदला हीच ज्या व्यवहाराची रीत, त्यात हातावर पोट असलेला लेखक सौदा करू शकत नाही, हा मुद्दा आहे. अण्णाभाऊ १८ जुलै १९६९ रोजी गेले, अमर शेख २९ ऑगस्टला. साठ वर्षांच्या मुदतीच्या नियमाने दोघांचेही लेखन १ जानेवारी २०३० पासून सर्वांना खुले होईल.

दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. याच वस्तीतील कवींनी लोकप्रिय चित्रपटगीतांच्या ‘चालीवर’ शेकडो गीते रचली. आजचा कायदा काटेकोरपणे लावला असता तर प्रबोधनाची कितीतरी गाणी जन्मालाच आली नसती. वामनदादा कर्डकांसारख्या कवीने गीताच्या शेवटी ‘वामन’ ही मुद्रा गुंफण्याची जुनी रीत कॅसेटच्या काळातही चालू ठेवली. गाणे गावोगाव पसरू द्यावे, नाव मात्र राहावे, ही धारणा त्यामागे दिसते. म्हणून केवळ कडक कायदा हे उत्तर होऊ शकत नाही. घेण्याची मोकळीक आणि मोबदल्याचा न्याय ही दोन्ही मूल्ये एकत्र सांभाळावी लागतील.

५

रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची घोषणा १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात केली. ‘लेखक म्हणजे काय?’ हे फूको यांचे व्याख्यान फेब्रुवारी १९६९ मधले. आपले दोन शाहीर खरोखर मरण पावले तेच वर्ष. या योगायोगातून सिद्धान्त काढता येत नाही. परंतु ज्या वर्गाला लेखक म्हणून मान्यताच मिळावयाची होती, त्याच्या संदर्भात कर्तृत्वाचे विसर्जन तितक्याच उत्साहाने स्वीकारावे का, हे आपण स्वतःला विचारले पाहिजे. ज्याच्या हाती मालकी आली आणि जो तिला कंटाळला, त्याने ती टाकून देणे वेगळे. जिच्यापर्यंत कोणी पोहोचलेच नाही, तिचे खंडन त्याच्यासमोर करणे वेगळे.

हा प्रश्न विद्यापीठाबाहेरचाही नाही. प्रबंधासाठी मी नायगाव परिसरातील वृद्ध गायकांकडून काही पदे उतरवून घेतली. ती छापली गेली तेव्हा संकलक म्हणून माझे नाव मुखपृष्ठावर आले आणि गायकांची नावे ऋणनिर्देशात गेली. कायद्याने संकलनावर माझा हक्क आहे आणि त्यात काहीही बेकायदा नाही. मात्र त्यांपैकी एका पदाच्या शेवटच्या चरणात रचणाऱ्याची मुद्रा होती. ‘पाठभेद’ म्हणून मी ती तळटीपेत टाकली होती. पुढल्या आवृत्तीत ती मूळ जागी परत जाईल, आणि प्रत्येक पदावर गाणाऱ्याचे नाव येईल. चाळी उतरत आहेत. उरलेली पदे टिपून घेण्यास जे विद्यार्थी निघतील, त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर आपल्या नावाआधी ही दोन नावे लिहावीत.