आठ कमळं कोणी मोजली?

फुलांची चित्रं म्हटलं की वाटतं, सोपा विषय. मलाही वाटलं होतं. आधुनिक चिनी शाईचित्रांवरच्या पहिल्या मसुद्यात मी दिसेल त्या फुलाचा अर्थ लावत सुटलो होतो. गाइडनी समासात एवढंच लिहिलं : ‘हा अर्थ कोणाचा?’ आख्खं प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे सांगतोय.

चीनमध्ये फुलांतून बोलायची सवय जुनी आहे. मंगोलांनी सुंग राज्य बुडवलं, त्यानंतर १३०६ साली झेंग सिशाओ यांनी काढलेलं ऑर्किड आज ओसाकाच्या संग्रहालयात आहे. त्याच्या मुळाशी माती नाही. भूमीच परक्यांनी नेली, तर माती काढायची कुठून, असा त्याचा अर्थ परंपरेनं सांगितला जातो.

आता या पार्श्वभूमीवर १९७४ बघा. सांस्कृतिक क्रांती अजून संपलेली नव्हती. परदेशी पाहुण्यांच्या हॉटेलांत लावायला चित्रं हवीत म्हणून पंतप्रधान चौ एन-लाय यांनी जुन्या चित्रकारांना पुन्हा कामाला लावलं होतं. माओंच्या पत्नी च्यांग चिंग यांच्या गटाचा रोख चौंवर होता, पण थेट हात घालणं कठीण. मग चित्रं धरली. बीजिंगमध्ये ‘काळ्या चित्रां’चं प्रदर्शन भरलं, तेही कौतुकासाठी नव्हे, धिक्कारासाठी. त्यात ची बायशींचे शिष्य ली खूछान यांचं कमळांचं चित्र सापडलं. फुलं आठ. सरकारमान्य ‘आदर्श नाट्यकृती’ही आठच मानल्या जात. झालं! चित्रकार त्या नाटकांची टर उडवतोय, असा आरोप ठेवला गेला.

इथे जरा थांबा. आपण ‘प्रतीकांचं विश्लेषण’ करतो तेव्हा वेगळं काय करतो? फुलं मोजतो, आकडा जुळला की खूश. तो आरोप पुरावा आहेच, पण १९७४ च्या राजकारणाचा. लींच्या मनात काय होतं, ते त्यातून कळत नाही.

माझी खरी पंचाईत पुढे झाली. चौ सित्सोंग (१९३९–१९९६) यांचं ‘जनता आणि पंतप्रधान’ हे शाईचित्र १९७९ मध्ये गाजलं. मग त्यांनी खाणकामगारांवर मोठी, अस्वस्थ करणारी मालिका केली. आणि शेवटच्या वर्षांत? कमळं. फिक्या करड्या शाईतली, पाण्यात विरघळल्यासारखी, कडा हरवलेली. ‘राजकारणातून माघार’ असं लिहायला हात शिवशिवतो (मी लिहिलंही होतं). पण त्याच काळात संधिवातानं त्यांची बोटं वाकडी झाली होती. भरगच्च मानवाकृतींची चित्रं त्या हातांना कितपत झेपली असती?

सध्या मी त्यांच्या चित्रांच्या तारखा आणि आजारपणाचा क्रम शेजारी-शेजारी मांडतोय. ‘माघार’ हा शब्द पेन्सिलीनं खोडलाय. त्या जागी काय लिहायचं, ते अजून ठरत नाहीये.