नावाची वेस : लिपी, संगणक आणि उटनूर



स्मृतिव्याख्यानात थोरांची चरित्रे सांगावीत असा प्रघात आहे. मी मात्र आज एका अगदी लहान गोष्टीचा इतिहास सांगणार आहे. संगणकात साठविलेल्या फाईलला आपण जे नाव देतो, त्या नावाचा हा इतिहास. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या उटनूरात आपण जमलो आहोत, तेथे लिपीचा प्रश्न कधीच क्षुल्लक नव्हता.

निजामाच्या राजवटीत या भागाचा कारभार उर्दूत चाले, बाजारात मराठी आणि तेलुगू बोलली जाई, आणि डोंगरातील गुड्यांवर गोंडी व कोलामी नांदत होती. १९४० साली जोडेघाट येथे कोमरम भीम धारातीर्थी पडले. त्यानंतर येथील असंतोषाच्या कारणांचा शोध मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी घेतला. १९४३ मध्ये उटनूरच्या डोंगररांगांतील मारलवाई येथे गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले आणि गोंडी मुलांसाठी देवनागरी लिपीत वाचनपुस्तके तयार करण्यात आली. पुढे इतिहासकार सेतुमाधवराव पगडी यांनी याच जिल्ह्यात अधिकारी म्हणून काम करताना गोंडी भाषेचा अभ्यास केला व तिचे व्याकरण लिहिले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे भाग मराठी मुलखाकडे गेले, उटनूर तेलुगू राज्यात राहिले, आणि कारभाराची लिपी पुन्हा बदलली. एकाच घरातील आजोबा, वडील आणि नातू यांची नावे तीन निरनिराळ्या लिप्यांत नोंदली गेली असतील, असा हा प्रदेश आहे.

त्यात २००६ साली आणखी एक भर पडली. येथून जवळच, नारनूर मंडलातील गुंजाळा गावी, गोंडीच्या एका स्वतंत्र लिपीतील हस्तलिखिते अभ्यासकांच्या नजरेस आली. ज्या भाषेला लिपी नाही असे आम्ही बेधडक सांगत होतो, तिच्या पोथ्या शेजारच्या गावात होत्या!

आता संगणकाकडे वळू. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या अस्की संकेतात केवळ १२८ स्थाने होती आणि ती रोमन अक्षरे, अंक व चिन्हे यांनी भरली होती. भारतात पुण्याच्या सी-डॅकसारख्या संस्थांनी भारतीय लिप्यांसाठी परिश्रम घेतले. १९९१ मध्ये इस्की हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही निघाली. युनिकोडने प्रत्येक अक्षराला एक स्थिर क्रमांक दिला. तरीही अनेक वर्षे आमचे मराठी मुद्रण रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविणाऱ्या फाँटांवरच चालत असे. कागदावर मराठी उमटे. यंत्राच्या पोटात मात्र निरर्थक रोमन अक्षरेच असत.

फाईलच्या नावाची कथा याहून कठीण आहे. आतला मजकूर एका कार्यक्रमाने वाचला की पुरे. नाव मात्र कार्यक्रम, डेटाबेसची ग्रंथिका आणि यंत्राची कार्यप्रणाली या तिघांनीही सारखेच वाचावे लागते. विंडोजच्या एनटी शाखेत १९९३ पासून फाईलची नावे युनिकोडमध्ये साठविली जात. परंतु जुने कार्यक्रम त्या काळच्या मर्यादित संकेतसारणीतून नाव मागत, आणि त्या सारणीत देवनागरीला जागाच नव्हती. प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होई, आणि विंडोजमध्ये फाईलच्या नावात प्रश्नचिन्ह चालत नाही. फाईल समोर दिसे, पण उघडत नसे. लिनक्समध्ये स्थिती निराळी होती. तेथे नाव म्हणजे केवळ बाइटांची माळ. ती कोणत्या लिपीची, हे कार्यप्रणाली विचारीतच नाही.

दोन घरांचे रिवाज असे भिन्न असताना दोन्हीकडे चालणारी ग्रंथिका लिहिणाऱ्यांनी काय करावे? दोन प्रसिद्ध उत्तरे सांगतो. एसक्यूलाइटने २००४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून नियम केला की नाव यूटीएफ-८ या संकेतातच द्यावे. विंडोजवर ग्रंथिका स्वतः त्याचे त्या प्रणालीच्या संकेतात रूपांतर करील. म्हणजे नाव जसेच्या तसे वेशीतून आत जाते. मायएसक्यूएलने दुसरी वाट धरली. तेथे ‘उटनूर’ नावाचा तक्ता केला, तर डिस्कवरील फाईलच्या नावात प्रत्येक अक्षराच्या जागी एक चिन्ह आणि चार आकड्यांचा संकेत येतो. ‘उ’च्या जागी ०९०९. नाव सुरक्षित राहते, पण वेष पालटून.

या चार आकड्यांतच गोंडीची अडचण दडलेली आहे. बालाघाटकडील मुन्शी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ साली रचलेली गोंडी लिपी २०१७ मध्ये आणि गुंजाळा गोंडी लिपी २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आली. तोपर्यंत पहिली पासष्ट हजार स्थाने बहुतेक वाटली गेली होती, म्हणून या लिप्यांना पलीकडचे क्रमांक मिळाले. ते चार आकड्यांत मावत नाहीत. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ-८’ प्रकार अक्षरामागे तीनच बाइट देई. देवनागरीला ते पुरत, गोंडी लिपीला चार लागतात. २०१० साली चार बाइटांचा नवा प्रकार आला आणि मजकुराची सोय झाली. पण तक्त्याच्या नावात अशी अक्षरे चालत नाहीत, हा नियम ८.० या आवृत्तीतही कायम राहिला. घरात बसावयास जागा मिळाली, दारावर नाव लावण्याची मुभा मिळाली नाही.

आपल्या मराठीलाही हा अनुभव आहे. ‘वऱ्हाड’ हा शब्द युनिकोडमध्ये तीन प्रकारे लिहिता येतो : ‘ऱ’ हे एकच अक्षर घेऊन, ‘र’ला वेगळा नुक्ता देऊन, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. डोळ्यांना तिन्ही सारखेच. पहिल्या दोहोंना युनिकोड समान मानते, तिसऱ्याला मानीत नाही; आणि लिनक्स तिन्हींना भिन्न समजते. ॲपलची १९९८ ची फाईलपद्धती तर ‘ऱ’ची फोड करूनच नाव साठवी. मी स्वतः ‘वऱ्हाड’ नावाचा डेटाबेस एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेला, तेव्हा एकाच फोल्डरमध्ये त्याच नावाच्या दोन फाईली शेजारी शेजारी दिसू लागल्या. एकीत माझ्या नोंदी होत्या, दुसरी रिकामी. कार्यक्रम रिकामी उघडत होता. नोंदी हरवल्या नव्हत्या. त्यांना हाक मारण्याचे नाव हरवले होते.

याहून गंभीर धोकाही आहे. एसक्यूलाइट एखादा व्यवहार अर्धवट असताना मूळ फाईलच्या नावाला शेपूट जोडून एक सोबतीची फाईल ठेवते. वीज गेली, तर तिच्याच आधारे डेटाबेस पूर्वस्थितीला येतो. अशा वेळी कोणी ‘हे नाव विचित्र दिसते’ म्हणून मूळ फाईलचे नाव रोमन करून टाकले, तर सोबतीण जुन्याच नावाने मागे राहते आणि नोंदी बिघडू शकतात. अनेक कचेऱ्यांत ‘फाईलचे नाव इंग्रजीतच ठेवा’ असा सल्ला मिळतो, त्यामागे असे कटू अनुभव आहेत. तो सल्ला देणाऱ्याला मी दोष देणार नाही.

परंतु तो सल्ला म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. लिनक्सवर एका नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. देवनागरीची त्यात ८५ अक्षरचिन्हे मावतात, गुंजाळा गोंडीची ६३. जागा कमी आहे, पण गावाचे, कुळाचे, पोथीचे नाव लिहिण्यास ती पुष्कळ आहे. अडचण जागेची उरलेली नाही. ती आमच्या सवयीची आणि कार्यक्रम लिहिणाऱ्यांच्या दुर्लक्षाची आहे.

विद्यार्थी मित्रहो, लिपीचा प्रवास तीन वेशींतून होतो. प्रथम तिचे अक्षर छापले जाते, मग त्या अक्षराला क्रमांक मिळतो, आणि अखेरीस त्या अक्षरांनी एखाद्या वस्तूला हाक मारता येते. मारलवाईच्या वाचनपुस्तकांनी गोंडी भाषेला पहिली वेस उसन्या लिपीत ओलांडून दिली. दुसरी वेस २०१७ आणि २०१८ मध्ये उघडली. तिसरी अजून अर्धीच उघडी आहे. तुमच्यापैकी कोणी उद्या असा कार्यक्रम लिहील, तेव्हा त्याने तो तपासताना ‘टेस्ट’ हे रोमन नाव देऊन थांबू नये. एक फाईल ‘वऱ्हाड’ नावाने करावी, एक गुंजाळ्याच्या अक्षरांत करावी, आणि दोन्ही प्रत्येक यंत्रावर उघडतात याची खात्री करून मगच काम पुरे झाले म्हणावे.