‘अनफिट’ कोणी ठरवले?

सैन्यभरतीच्या मैदानावरून ‘मेडिकल अनफिट’ असा शेरा घेऊन परतणारी पोरे आम्ही वस्त्यांमध्ये दरवर्षी पाहतो. काही जण एखादी सवलत मिळेल का, कोणाची ओळख निघेल का, अशी विचारणा करतात. त्यांना आम्ही आधी इतिहास सांगतो. कारण आपल्या समाजावर हा शेरा एकदा सामुदायिकरीत्या मारला गेला होता, आणि तोही नाडी न तपासता!

1 जानेवारी 1818 रोजी भीमा कोरेगावला लढलेल्या महार सैनिकांची नावे विजयस्तंभावर कोरलेली आहेत. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते. मग 1890 च्या दशकाच्या सुरुवातीला महारांची भरती का थांबली? छाती कमी पडली म्हणून? डोळे अधू झाले म्हणून? नाही. 1885 ते 1893 या काळात सरसेनापती असलेल्या लॉर्ड रॉबर्ट्सने ‘लढवय्या जमाती’चा सिद्धांत उचलून धरला. शौर्य जन्मावर ठरते, हे मनुस्मृतीचेच सूत्र लष्करी गणवेश घालून आले.

गोपाळबाबा वलंगकर स्वतः लष्करी पेन्शनर. 1894 मध्ये त्यांनी या बंदीविरुद्ध अर्ज तयार केला. आपण मूळचे क्षत्रिय आहोत, असा दावा त्यात होता. 1910 मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. तिथे भर होता प्रजा म्हणून समान संधीवर. सोळा वर्षांतला हा प्रवास महत्त्वाचा आहे. वंशाचा दाखला देऊन मागितली ती सवलत, माणूस म्हणून मागितला तो हक्क.

गरज पडली तेव्हा सरकारचा सिद्धांत गळून पडला. पहिल्या महायुद्धात, 1917 ला, 111 वी महार पलटण उभी राहिली. युद्ध संपले आणि 1921 ला ती मोडली. 1941 मध्ये बाबासाहेब संरक्षण सल्लागार समितीवर गेले आणि त्याच वर्षी महार रेजिमेंट स्थापन झाली. आज सैनिकांच्या मुलांना उंची, छाती, वजनात थोडी सूट मिळते. मधल्या पिढ्यांना दारच बंद होते, त्यांच्या वारसांनी ही सूट कुठून आणायची?

तरीही मित्रांनो, दोन गोष्टींची गल्लत करू नका. डॉक्टरने तपासून दिलेला शेरा आणि जातीने दिलेला शेरा एक नव्हे. आजार असेल तर तो लपवू नका, दलालाला पैसे देऊ नका. पण शेरा चुकीचा वाटला तर गप्पही बसू नका. कारण विचारा, लष्करी रुग्णालयात तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागा, आणि तीही मुदतीत. ही मुदत थोडी असते. फेरतपासणी म्हणजे मेहेरबानी नव्हे, ती नियमातली तरतूद आहे.

वलंगकर आणि कांबळे यांच्याकडे असा नियम नव्हता. तरी त्यांनी अर्ज लिहिले. आपल्याकडे नियम आहे, तर तो वाचायला शिकूया.

जय भीम!