चार्जिंगची वेळ आणि झोपेची वेळ

२६ मे २०१७ रोजी नागपूरच्या रस्त्यांवर विजेवर चालणाऱ्या टॅक्स्यांचा ताफा उतरला. ओला आणि महिंद्रा यांचा तो प्रयोग. गाड्या दोनशेच्या घरात, समारंभाला मुख्यमंत्री फडणवीस आणि केंद्रीय मंत्री गडकरी. ऐन नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होता. विजेच्या गाडीची परीक्षा घ्यायला याहून कडक मुहूर्त पंचांगात सापडला नसता. २०३० नंतर देशात पेट्रोल-डिझेलची एकही नवी मोटार विकली जाऊ नये, हे उद्दिष्ट त्याच सुमारास दिल्लीतून बोललं जात होतं आणि नागपूर ही त्याची रंगीत तालीम होती.

वर्षभरातच चालकांच्या तक्रारी येऊ लागल्या. चार्जिंगसाठी रांग, रांगेनंतर गाडी भरायला लागणारा वेळ, आणि एसी लावला की झरझर उतरणारी बॅटरी. काही चालक पुन्हा डिझेलकडे वळले. गाडी वाईट होती का? नाही. आवाज नाही, धूर नाही, किलोमीटरमागचा खर्चही कमी. तरीही गणित बसेना. भाकीत करणाऱ्यांनी धावणारी गाडी मोजली होती, थांबलेली मोजली नव्हती. टॅक्सीवाल्याचा हप्ता घड्याळाकडे बघून चढतो. सकाळी ऑफिसची गर्दी, संध्याकाळी स्टेशन आणि विमानतळ. नेमक्या याच वेळात गाडी तारेला बांधून ठेवायची म्हणजे चालू दुकानाचं शटर ओढण्यासारखं.

आता त्याच शहरातली ई-रिक्षा पाहा. २०१५ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने तिला अधिकृत जागा मिळाली. वेगाची मर्यादा ताशी २५ किलोमीटर, प्रवासी चार (सीताबर्डीच्या बाजारात उभं राहून मोजाल तर आकडा वेगळा येईल). दिसायला ओबडधोबड, बसायला अवघड. बहुतेकींच्या सीटखाली शिसे-आम्लाच्या बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात, तंत्र शंभर वर्षांहून जुनं. पण ती टिकली आणि वाढली. चालक रात्री घरी येतो, सीट उचलतो, बॅटरीच्या टोप्या काढून डिस्टिल्ड वॉटरची पातळी बघतो, वायर घरातल्या प्लगला लावतो आणि जेवून झोपतो. आठ-दहा तासांनी तो उठतो तेव्हा गाडीही भरलेली असते. माणसाची झोप आणि यंत्राची भूक एकाच वेळी भागते. दोनशे गाड्यांच्या ताफ्याला जे जमलं नाही, ते या जुळणीमुळे ई-रिक्षाला जमलं.

या जुळणीलाच मी कसोटी मानतो. नवं यंत्र आयुष्य बदलेल की नाही, हे त्याच्या ताकदीवरून फारसं कळत नाही. ते केव्हा काम मागतं, केव्हा विश्रांती मागतं, आणि त्या वेळा वापरणाऱ्याच्या दिवसाशी जुळतात का, यावरून पुष्कळ कळतं. अर्थात सगळंच या एका चिमटीत सापडत नाही. २०१४ साली नागपुरात इथेनॉलवर चालणारी हिरवी बस आली आणि २०१८ मध्ये थांबली. तिथे वेळेचा प्रश्न नव्हता, करार आणि पैशांचा होता. कसोटी वापरताना एवढं भान हवं.

कसोटीला पुरेपूर उतरलेलं नागपूरचं उदाहरण मात्र कोणाच्या स्वप्नरंजनात नव्हतं: सांडपाणी. अभियंत्यांच्या हिशेबात शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी लागतं आणि त्यातलं सुमारे ८० टक्के मोरीतून परत जातं, म्हणजे माणशी १०८ लिटर. भांडेवाडीत कोराडी वीजकेंद्रासाठी उभारलेल्या शुद्धीकरण प्रकल्पाची क्षमता दिवसाला १३ कोटी लिटर. भागाकार केला तर बारा लाख माणसांच्या न्हाणीघर-स्वयंपाकघरातलं पाणी. औष्णिक वीजकेंद्राला पाणी लागतं ते मुख्यतः कूलिंग टॉवरसाठी. तिथे त्याची वाफ होऊन उडून जाते. ते पिण्याजोगं असायची गरज नसते, रोज मिळण्याची गरज असते. पाऊस दगा देईल, पण शहर आंघोळ करायचं थांबत नाही. एका बाजूला शहराला सांडपाण्यापासून बारमाही सुटका हवी, दुसऱ्या बाजूला वीजकेंद्राला बारमाही पुरवठा. पेंच धरणाच्या पाण्यावरचा ताण त्यामुळे कमी झाला आणि महापालिकेला सांडपाण्याचे पैसे मिळू लागले. उद्घाटनाच्या भाषणात फारशी टाळी न मिळवणारं हे तंत्रज्ञान मी टॅक्सीच्या कितीतरी वर ठेवतो.

हाच गज पुढच्या भाकितांना लावून पाहू. शेतीपंपांना दिवसा वीज मिळेल हे पहिलं भाकीत. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला, लक्ष्य १६,००० मेगावॉटचं. काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला रात्रपाळीची वीज म्हणजे काय हे सांगावं लागत नाही: हातात टॉर्च, पायाखाली साप आणि मोटार चालू करून बांधावर जागरण. सौरवीज इथे अचूक बसते. ऊन चढतं तसं झाड तहानतं, त्याच उन्हात पॅनेल सर्वाधिक वीज देतं आणि शेतकरी तेव्हा जागा असतो. तीन घड्याळं एकच वेळ दाखवतात. विदर्भातल्या खेड्याचं जगणं बदलणारं तंत्रज्ञान कोणतं, असं मला विचारलं तर बोलक्या यंत्रांच्या कितीतरी आधी मी याचं नाव घेईन.

दुसरं भाकीत जास्त आकर्षक आहे: उद्या छपरावरच्या सौरविजेवर प्रत्येक घर थंड राहील. इथे घड्याळं भांडतात. नागपूरच्या मे महिन्यात भिंती दिवसभर तापतात आणि ती उष्णता रात्री घरात सोडतात. झोपायच्या खोलीत एसी हवा असतो रात्री अकराला, तेव्हा पॅनेल अंधारात असतं. मधली दरी बॅटरीनेच भरायची. आशेला जागा आहे: लिथियम बॅटरीची जगातली सरासरी किंमत २०१० मध्ये किलोवॉट-तासाला हजार डॉलरच्या वर होती, ती २०२४ मध्ये सव्वाशे डॉलरच्या आत आली. पण दीड किलोवॉटचा एसी रात्रभर चालवेल एवढी बॅटरी अजून मध्यमवर्गाच्या हप्त्यात बसत नाही, आणि ४५ अंशांच्या गच्चीत ती किती वर्षं टिकेल हाही प्रश्न आहेच.

आपला डेझर्ट कूलर दोनशेएक वॉटमध्ये काम भागवतो, तेही हवा कोरडी आहे तोवरच. जूनमध्ये ढग आले की तो नुसता दमट वारा फेकतो. म्हणून सौर गारव्याचं भाकीत मी खोटं म्हणत नाही, त्याला अजून दहाएक वर्षं देतो. तोवर मार्च संपायच्या आत कूलरच्या ताट्यांमधला वाळा बदलून घ्या.