राखलेल्या समुद्राचा खर्च

समुद्राचा एखादा भाग राखून ठेवावयाचा तर त्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाचा पूर्वेतिहास किनाऱ्यापासून पुष्कळ दूर, जुन्नर तालुक्यात सापडतो. तेथील हिवरे गावी डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याची वनस्पतींची बाग होती. १८४७ साली तो मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. मुंबईच्या गोदीत सागवानी जहाजे बांधली जात, पुढे आगगाडीलाही लाकूड लागू लागले. रान राखणे सरकारला भाग पडले. खर्चाची तोड मात्र सोपी होती. रानातलेच लाकूड विकावे आणि त्यातून रखवालदाराचे वेतन द्यावे!

वहीत न चढलेला खर्च जुन्नर-आंबेगावच्या महादेव कोळ्यांनी भरला. (नावात कोळी असले तरी हे डोंगरचे लोक.) १८७८ च्या वनकायद्यानंतर राने राखीव होत गेली, आणि जळण, चारा व उतारावरील शेती यांवर बंधने आली. १९८५ साली भीमाशंकरचे सुमारे १३१ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य झाले. तथापि डोंगरात निदान हिरडा आहे. झाड उभे ठेवूनच त्याचे फळ विकता येते. आहुप्याची देवराई तर कोणत्याही अंदाजपत्रकावाचून गावाने राखली.

दोनच वर्षांनी, १९८७ मध्ये, मालवणचा २९.१२ चौरस किलोमीटरांचा सागरी टापू अभयारण्य म्हणून जाहीर झाला. येथे जुना हिशेब पार कोलमडतो. समुद्रात तोडून विकण्याजोगा साग नाही. शिवाय राखलेला मासा हद्दीत थांबत नाही. तो वाढतो आणि बाहेर जाऊन दुसऱ्याच्याच जाळ्यात सापडतो. रापणकराने आज जाळे आवरावयाचे आणि काही वर्षांनी येणारा लाभ यांत्रिक नौकेने न्यावयाचा, असा हा व्यवहार. मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्यास जो विरोध केला, त्यास अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होय. तो चोख हिशेब होता.

२०२२ साली माँट्रियल येथे राष्ट्रांनी २०३० पर्यंत भूमी व सागर यांचा ३० टक्के भाग राखण्याचे ठरविले, आणि जैवविविधतेसाठी दरसाल २०० अब्ज डॉलर उभारण्याचेही. जाहीरनामा एकदाच निघतो. गस्तीची नौका, इंधन व वेतन दरवर्षी लागतात. सिंधुदुर्ग किल्ल्यालगतची प्रवाळे पाहण्यास येणाऱ्या प्रवाशांवर शुल्क बसविता येईल. पण ते सारे सरकारी तिजोरीतच गेले, तर रापणकराचा बुडालेला दिवस, गिब्सनच्या अमदानीतील जळणाच्या मोळीप्रमाणे, वहीबाहेरच राहील.