पाकशाळेंतील गणित

स्वयंपाक ही हाताची कला आणि गणित हें डोक्याचें शास्त्र; या दोहोंचा संबंध वाणसामानाच्या यादीपुरताच, असा एक समज सुशिक्षित घरांतून रूढ आहे. तो इतिहासाला धरून नाहीं. चार माणसांचा भात शिजविणें आणि चारशें पानांची पंगत उठविणें या दोन क्रियांत अंतर आहे तें मुख्यतः हिशेबाचें. पहिलीला अंदाज पुरतो. दुसरींत अंदाज चुकला तर अन्न वायां जातें, नाहींतर शेवटच्या पंगतीचें पान रिकामें राहतें आणि यजमानाची अब्रू जाते.

ही गोष्ट महाराष्ट्राला फार जुन्या काळापासून ठाऊक आहे. सह्याद्रीच्या आश्रयाला राहणाऱ्या भास्कराचार्यांनीं इ. स. ११५० च्या सुमारास ‘लीलावती’ रचली. तींत एका भुकेल्या वाटसरूचें उदाहरण आहे. एका द्रम्माला तांदूळ साडेतीन मान आणि मूग आठ मान मिळतात; वाटसरूपाशीं तेरा काकिणी आहेत; त्याला दोन भाग तांदूळ व एक भाग मूग हवे आहेत; आणि सोबतचा तांडा पुढें निघाल्यामुळें वाण्यानें घाई करावयाची आहे. द्रम्माच्या चौसष्ट काकिणी धरल्या म्हणजे तांदूळ सात-बारांश मान आणि मूग सात-चोविसांश मान येतात. पैकीं तांदळाला १० पूर्णांक दोन-तृतीयांश आणि मुगाला २ पूर्णांक एक-तृतीयांश काकिणी पडतात. बेरीज बरोबर तेरा. जिन्नसांचें प्रमाण, बाजारभाव आणि पदरची रक्कम हीं तिन्ही एकाच वेळीं सांभाळणें हाच पाकशाळेचा मूळ प्रश्न होय, आणि तो येथें आठशें वर्षांहून पूर्वीं खिचडीच्या रूपानें मांडलेला आहे.

जुनीं मापें पाहिलीं म्हणजे तींही या कामाला किती सोयीचीं होतीं हें ध्यानांत येतें. दोन निळव्यांचें कोळवें, दोन कोळव्यांचें चिपटें, दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली आणि दोन अधोल्यांची पायली. प्रत्येक पायरीवर दुप्पट. जेवणारे चौपट झाले तर शेराच्या जागीं पायली आणि चिपट्याच्या जागीं शेर घेतला कीं झालें. कागद लागत नसे. वजनांतही तीच सोय होती. शेराचे छटाक सोळा आणि रुपयाचे आणे सोळा. म्हणून जितके रुपये शेर, तितके आणे छटाक. मणाचे शेर चाळीस; म्हणून जितके रुपये मण, तितक्या आण्यांना अडीच शेर. शाळेंत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, अडीचकी घोकून घेत ती याच व्यवहारासाठीं.

मोठ्या मुदपाकखान्यांत याला लेखणीची जोड मिळाली. शिवकालीन राज्यव्यवस्थेंतील अठरा कारखान्यांत अंबरखाना आणि मुदपाकखाना हे दोन निराळे होते. धान्य राखणारा एक आणि रांधणारा दुसरा झाला, कीं मधें माप व नोंद आलीच. कोपरगांवचें नांव इतिहासांत येतें तें राघोबादादांच्या अखेरच्या दिवसांमुळें. १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यांना महिना पंचवीस हजार रुपयांची नेमणूक ठरली. गोदावरीकांठीं कोपरगांवीं ते राहिले आणि ११ डिसेंबर १७८३ रोजीं तेथेंच वारले. पेशवेपद भूषविलेल्या पुरुषाचा संसार ठराविक आंकड्यांत आला, म्हणजे कोठीपासून चुलीपर्यंत हिशेब आलाच.

पूर्वीं कोपरगांव तालुक्यांतच मोडणाऱ्या शिर्डीचें उदाहरण याहून साधें व बोलकें आहे. गोविंद रघुनाथ दाभोळकर यांच्या ‘साईसच्चरितां’त साईबाबांच्या हंडीचें वर्णन आहे. हंड्या दोन होत्या. एक पन्नास माणसांना पुरेल अशी, दुसरी शंभरांना. बाबा स्वतः बाजारांत जाऊन जिन्नस निवडीत, रोख पैसे मोजीत आणि मसालाही स्वतःच वाटीत. त्याच गांवीं संस्थानच्या प्रसादालयांत २००९ सालीं सूर्याच्या उष्णतेवर वाफ करणाऱ्या ७३ तबकड्या बसविण्यांत आल्या. साधनें बदललीं, ‘माणसें किती आणि शिधा किती’ हा प्रश्न तोच राहिला.

पाककृती छापली जाऊं लागली तेव्हां या विद्येला नवें वळण लागलें. सासूच्या हाताखालीं शिकणाऱ्या सुनेला मूठ, चिमूट, ओंजळ हीं मापें पुरत. पण मूठ छापतां येत नाहीं. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ १८७५ सालीं आणि लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ १९१० सालीं निघालें. पुढें १९७० मध्यें कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचें माप घरोघर नेलें, आणि सासर-माहेरापासून दूर राहणाऱ्या मुलींची मोठी अडचण दूर झाली.

पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ १९५४ चा. त्या वर्षीं लीलावती मुनशी यांच्या पुढाकारानें अखिल भारतीय महिला अन्न परिषदेनें मुंबईस खाद्यव्यवस्थेचें महाविद्यालय काढलें. दादरची आजची हॉटेल मॅनेजमेंट संस्था ती हीच. लौकरच १९५७ मध्यें दशमान नाणीं आणि १९५८ पासून किलोग्रॅम आले, व अडीचकीची सोय गेली.

अशा शाळेंत नवशिका कोठें अडखळतो हें पाहण्यासारखें आहे. सोललेले बटाटे दहा किलो हवे आहेत आणि सोलण्यांत पांचवा हिस्सा जातो असें धरूं. तो दहांवर पांचवा हिस्सा चढवून बारा किलो मागवितो. सोलल्यावर हातीं येतात नऊ किलो सहाशें ग्रॅम. चारशें ग्रॅमांची तूट. मागवावयास हवे होते साडेबारा. कारण पांचवा हिस्सा मागविलेल्या मालाचा जातो, उरलेल्याचा नव्हे. दुसरी अडचण याहून सूक्ष्म. पातेल्याची लांबी, रुंदी व उंची दुप्पट केली तर आंतला माल आठपट होतो, परंतु वाफ जाण्याचें तोंड चौपटच. म्हणून मोठ्या भांड्यांत पाणी निव्वळ त्रैराशिकानें ओतलें तर पदार्थ पातळ होतो. त्रैराशिक कोठें लावावें याबरोबर तें कोठें लावूं नये हेंही शिकवावें लागतें.

शाळांतून पावकी-दिडकी घुमत होती तेव्हां बहुसंख्य मुली शाळेबाहेर होत्या. तरी लग्नामुंजींच्या पंगती त्यांच्या आयाआज्यांच्या अंदाजावर उठत होत्या. त्या अंदाजाला ‘हाताचा गुण’ म्हणून गौरविलें गेलें. गणित म्हणून त्याची मोजदाद झाली नाहीं. आज तेंच ज्ञान पाकशाळेंत परीक्षेचा विषय झालें आहे आणि त्याला पदवी व पगार मिळतो. ज्यांनीं तें शतकानुशतकें फळ्यावांचून, लेखणीवांचून सांभाळलें, त्यांच्या नांवावर तें जमा करणें हें इतिहासाचें राहिलेलें देणें होय.