अमेरिकेतील हॉकी व ॲपलबीबाई

१९३२ साली लॉस एंजेलिस येथील ऑलिंपिक सामन्यांत हिंदुस्थानच्या हॉकी संघाने अमेरिकेचा २४ विरुद्ध १ असा धुव्वा उडविला, ही गोष्ट आमच्याकडे अजूनही अभिमानाने सांगितली जाते. तो अभिमान रास्तच आहे. परंतु ज्या देशाचे पुरुष त्या दिवशी अगदी नवशिके ठरले, त्याच देशाच्या कॉलेजांतील मुली त्यापूर्वी तीस वर्षे हा खेळ खेळत होत्या, हे आपल्यापैकी कितीकांस ठाऊक असेल? ह्या वैचित्र्याचे मूळ शोधू गेल्यास आपण कॉन्स्टन्स ॲपलबी नामक एका इंग्रज बाईंपाशी येऊन पोचतो.

बाईंचा जन्म एसेक्स परगण्यात १८७३ सालचा. योगायोग असा की, त्याच वर्षी हार्वर्डच्या वैद्यकशाळेशी संबंध असलेल्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. मुलग्यांच्या बरोबरीने विद्याभ्यास केल्यास मुलींची प्रकृती ढासळते व मातृत्वासही बाध येतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. शास्त्राच्या नावाने बोलणाऱ्यास नुसत्या युक्तिवादाने गप्प करणे कठीण. त्यास निरोगी विद्यार्थिनीच दाखवावी लागते.

१९०१ साली बाई व्यायामशिक्षणाच्या उन्हाळी वर्गासाठी त्याच हार्वर्डास आल्या. तेथे स्त्रियांच्या व्यायामाची गोष्ट निघाली असता कोणी संगीतखुर्ची व आपल्या मामाच्या पत्रासारखा रुमालाचा खेळ यांची नावे घेतली. हे तर मेजवानीतले खेळ, व्यायामासाठी आम्ही हॉकी खेळतो, अशा अर्थाचे उत्तर बाईंनी दिले, आणि मिळाल्या तशा काठ्या व चेंडू जमवून तेथल्याच अंगणात खेळ करून दाखविला! व्हॅसर कॉलेजच्या हॅरिएट बॅलंटाइन यांनी त्यांस लागलीच बोलाविले. पाठोपाठ स्मिथ, वेल्स्ली, माउंट होल्योक ही स्त्रियांची कॉलेजेही त्यांनी पालथी घातली. १९०४ साली त्या पेनसिल्व्हेनियातील ब्रिन मॉर कॉलेजात रुजू झाल्या, आणि तेथे त्यांनी सुमारे पाव शतक काढले.

आमच्या मते बाईंची खरी करामत सामने जिंकण्यात नव्हती. त्यांनी शिकविणाऱ्या तयार केल्या. मैदानावर त्यांच्या हाताखाली धावलेल्या मुली पुढे शाळाशाळांतून शिक्षिका झाल्या. पोकोनो डोंगरातील त्यांच्या शिबिरास ठिकठिकाणच्या खेळाडू व शिक्षिका जात. १९२२ साली स्त्रियांच्या हॉकीची राष्ट्रीय संघटना उभी राहिली, तीही ह्याच मशागतीतून. म्हणूनच आमच्याकडे पुरुषांचा मानला गेलेला हा खेळ तिकडे बायकांचा ठरला! अर्थात ही कॉलेजे बहुतांशी सुखवस्तू घरांतील मुलींची होती, हे विसरून चालणार नाही.

बाई नव्वदी उलटल्यावरही शिकवीत होत्या. स्त्रियांच्या हॉकीस ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळाला तो १९८० साली, मॉस्को येथे. त्यात हिंदुस्थानचा संघ चौथा आला, व पुण्याच्या एलिझा नेल्सन त्यात होत्या; मात्र बहिष्कारामुळे अमेरिकेच्या मुली घरीच राहिल्या. त्या वेळी बाई १०७ वर्षांच्या होत्या. पुढच्याच जानेवारीत इंग्लंडमध्ये त्या वारल्या. १९८४ साली अमेरिकेच्या मुलींनी कांस्यपदक मिळविले, ते लॉस एंजेलिस येथेच.